मर्यादावेल आणि तिची भावंडे : किनाऱ्यावरील वेलींची नेमकी ओळख

कोकणातील वाळूच्या किनाऱ्यावर, भरतीरेषेच्या वरच्या अंगाला, जांभळट-गुलाबी फुलांची एक वेल जमिनीसरशी दूरवर पसरलेली आढळते. ती मर्यादावेल. किनाऱ्यापासून थोडे आत आले, की कुंपणावर, पाणंदीत आणि वाडीच्या गडग्यावर तशाच नरसाळ्यासारख्या आकाराची व जवळजवळ त्याच रंगाची फुले दिसू लागतात. या सर्व वेली आयपोमिया या एकाच प्रजातीतील निरनिराळ्या जाती आहेत. रताळेही याच प्रजातीतील. त्यामुळे त्यांची ओळख हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या आवडीचा विषय राहत नाही.

रताळ्याचा सर्वांत त्रासदायक शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा (सायलस फॉर्मिकेरियस). मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळ्या पंखांचा आणि तांबड्या वक्षाचा हा कीटक वेलीत व कंदात अंडी घालतो. अळी आतून पोखरते आणि थोड्याशा उपद्रवानेही कंद कडवट होतो. शेतात रताळे नसते त्या काळात हा भुंगा आयपोमियाच्या रानटी जातींवर तग धरतो. म्हणून ‘शेताभोवतीच्या रानवेली काढा’ हा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र कोणती वेल, हे न सांगता दिलेला हा सल्ला किनाऱ्यावर पोहोचला, तर वाळू धरून ठेवणारी मर्यादावेलच प्रथम उपटली जाईल.

मर्यादावेल (आयपोमिया पेस-काप्री) ओळखण्यासाठी फुलाआधी पान पाहावे. पान जाड व मांसल असून टोकाला खाच असते. दसऱ्याचे आपट्याचे पान ज्याने पाहिले आहे, त्याला ही ठेवण नवी नाही. लॅटिन नावाचा अर्थ ‘बकरीचा पाय’ असा आहे. खोड वाळूवर सरपटत जाते, पेरापेरांतून मुळे सोडते आणि तोडल्यास पांढरा चीक येतो. बियांवर दाट तपकिरी लव असते. त्या समुद्राच्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगूनही रुजण्याची क्षमता टिकवतात. ही वेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पोहोचली, ती अशी.

पानाच्या खाचेवर मात्र फार विसंबू नये. लिनिअसने 1753 मध्ये खोल खाचेची आणि उथळ खाचेची अशा दोन स्वतंत्र जाती मानल्या होत्या. पुढे त्या एकाच जातीच्या दोन उपजाती ठरल्या. एकाच वेलीवर कोवळे पान खाचेविना आणि जून पान खाचेसह असू शकते. त्यामुळे एक पान तोडून निर्णय देण्याऐवजी शेंड्यापासून बुंध्याकडे निदान दहा पाने पाहणे चांगले.

त्याच वाळूत राहणारी तिची सख्खी सोबतीण म्हणजे आयपोमिया इम्पराटी. तिचे फूल पांढरे व घसा पिवळा असतो, आणि तेवढ्यानेच ती वेगळी कळते. फूल नसताना गोंधळ होतो, कारण एकाच वेलीवर अरुंद, लांबट आणि तीन-पाच खंडांची अशी तऱ्हेतऱ्हेची पाने असतात. जांभळ्या फुलांचीच, पण तीन पर्णिकांची वेल दिसली, तर ती या कुळातील नव्हेच. ती अबईच्या प्रजातीतील किनारी वेल (कॅनाव्हेलिया रोझिया). तिचे फूल वाल-घेवड्याच्या वळणाचे असते.

कुंपणावरील जातींत रेल्वे क्रीपर (आयपोमिया कैरिका) सर्वांत फसवी. फुलाचा रंग आणि गडद घसा थेट मर्यादावेलीसारखा, परंतु पान देठापर्यंत पाच बोटांत चिरलेले आणि वेल वर चढणारी. काळा दाणा (आयपोमिया निल) सकाळी निळा आणि दुपारी गुलाबी होतो. म्हणूनच नोंदीत केवळ ‘फूल जांभळे’ असे लिहून भागत नाही, वेळही लिहावी लागते. त्याची खरी खूण फुलामागे आहे. निदले केसाळ आणि लांब निमुळत्या टोकांची असतात, तर मर्यादावेलीची निदले गुळगुळीत व चिवट असतात. छायाचित्र घेणारे बहुतेक जण फुलाचा फक्त चेहरा टिपतात. ओळखीसाठी पाठीमागचा भाग अधिक उपयोगी पडतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रायपूरच्या भनपुरीसारख्या ठिकाणी मर्यादावेल मिळणार नाही, पण प्रजाती तीच भेटते. छत्तीसगडमधील तळ्यांत पोकळ खोडाने तरंगणारी करमत्ता भाजी, म्हणजे आपली नाळीची भाजी (आयपोमिया अ‍ॅक्वाटिका), आवडीने खुडली जाते. काठावर बेशरम (आयपोमिया कार्निया) उभी असते. ती झुडपासारखी वाढते आणि शेळ्यांना विषारी ठरते. फुले मात्र दोघींची नरसाळ्याचीच. एक ताटात येते, दुसरी गोठ्यापासून दूर ठेवावी लागते.

किनाऱ्यावरचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण मर्यादावेलही सोंड्या भुंग्याच्या यजमान वनस्पतींत मोडते. तरीही ती उपटण्याचा सल्ला देऊ नये. केळशी किंवा गुहागरसारख्या किनाऱ्यांवर वाऱ्याने उडणारी वाळू मागच्या बागांत व शेतांत शिरू न देण्याचे काम अशाच वेली करतात, आणि एकदा मोकळी झालेली वाळू पुन्हा बांधणे कठीण असते. अशा ठिकाणी रताळ्याचा वाफा वाळूच्या पट्ट्यालगत न घेता शक्य तितका आत घ्यावा. बेणे कीडमुक्त वेलींच्या शेंड्यांचे असावे. कंद उघडे पडू नयेत म्हणून वेळेवर मातीची भर द्यावी, कामगंध सापळे लावावेत आणि काढणीनंतर शेतात राहिलेले कंद व वेल वेचून नष्ट करावेत. बांधावरील रेल्वे क्रीपर, काळा दाणा व इतर रानटी आयपोमिया मात्र लागवडीपूर्वीच, बी धरण्याआधी, मुळासकट काढाव्यात.

नमुना तपासणीसाठी पाठविताना पाने, निदलांसह फूल आणि बोंड असलेला फाटा घ्यावा. वाळल्यावर मांसल पान पातळ होते आणि फुलाचा रंग जातो. म्हणून पानाचा जाडपणा, चिकाचा रंग, फुलाचा रंग व पाहणीची वेळ, तसेच भरतीरेषेपासूनचे अंतर त्याच जागी वहीत उतरवून घ्यावे.