गर्भवतीची पहिली तपासणी : बारा आठवड्यांच्या आत

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या गावांत ‘काही त्रास नाही’ म्हणून गर्भवतीची पहिली तपासणी अनेकदा लांबणीवर पडते. परंतु रक्तक्षय व रक्तदाब हे पुष्कळदा त्रास न देताच बळावतात. म्हणून पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व त्यानंतर किमान तीन तपासण्या व्हाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब, लघवी व हिमोग्लोबिन पाहिले जाते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजून उपचार केले जातात. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांची देखरेख अनिवार्य ठरते.

पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. त्याची चाचणी पहिल्याच भेटीत करावी. स्त्री वाहक असल्यास पतीनेही रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात एकट्या स्त्रीला दोष देणे अन्यायाचे आहे. निदान लवकर झाले तरच गर्भाची तपासणी व समुपदेशन यांस वेळ मिळतो.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दरमहा ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. कुटुंबीयांनी गर्भवतीसोबत यावे, ही विनंती.