गव्हाणीतील परदेशी

शास्त्रपाठ : मत्तय २:१३-१५, अनुवाद २४:१४-१५

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून बांबू, माती व गवत ह्यांची गव्हाणी उभी राहते. मुले मेंढरे मांडतात, मागी लोकांच्या हाती दाने देतात, आणि देखावा तेथेच संपतो. परंतु मत्तयाची कथा तेथे संपत नाही. मागी लोक परतल्यावर योसेफ रात्रीच बालकास व त्याच्या आईस घेऊन मिसर देशास पळाला. हेरोद मरेपर्यंत आपला प्रभू परमुलखात परका म्हणून राहिला.

२०१९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, क्लेअरमाँट येथील मेथडिस्ट मंडळीने मंदिराबाहेर हाच भाग मांडला. मरीया, योसेफ व बालक येशू ह्यांच्या मूर्ती तीन निरनिराळ्या पिंजऱ्यांत ठेवल्या आणि वर काटेरी तार लावली. २०१८ साली त्या देशाच्या सीमेवर आश्रयास आलेल्या पुष्कळ कुटुंबांतील मुले आईबापांपासून वेगळी करण्यात आली होती. त्या अन्यायाकडे बोट दाखवावे हा हेतू. मंदिराच्या आत मात्र तेच कुटुंब एकत्र दाखविले होते. अशा वेळी कित्येक म्हणतात की, राज्यकारभाराच्या गोष्टी गव्हाणीत आणू नयेत. आम्ही त्यांस इतकेच विचारतो : हेरोद राजाचे नाव ह्या कथेत कोणी घातले? शुभवर्तमानानेच ना?

हा दूरदेशचा प्रश्न आहे, असे नाशिककरांनी मानू नये. शरणपूर रस्त्यावरून आपण नित्य जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस ह्यांनी वसविलेल्या ख्रिस्ती वस्तीचे हे नाव. अर्थ उघड आहे, शरण आलेल्यांचे गाव. समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकेतील मुले येथे आणली गेली. त्यांस नुसते अन्न दिले नाही. अक्षर शिकविले, सुतारकाम व लोहारकाम शिकविले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७४ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. परक्यास दया व विद्या दोन्ही मिळाली म्हणजे काय घडते, ह्याचा दाखला आपल्याच गावी आहे.

आता आजचा परका कोण? सुरगाणा व पेठ ह्या तालुक्यांतून स्त्रीपुरुष निफाड व दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामास येतात. कित्येकांबरोबर लेकरेही असतात. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की, गरीब मजूर स्वदेशी असो वा परदेशी, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. ही दानधर्माची नव्हे, न्यायाची गोष्ट होय. आपल्यांत कोणी बागाईतदार असेल, कोणी मुकादम असेल, आणि कोणी स्वतःच मजूर असेल. नाताळच्या दिवशी मजुरास करंजी देऊन त्याची थकलेली मजुरी पुढे ढकलणे, हे प्रभूला मान्य होईल काय?

उपदेशक बंधूंनी यंदा गव्हाणीजवळ प्रवासाचे एक गाठोडे व छाटणीची कात्री ठेवावी, आणि पाठ झाल्यावर मंडळीस हे प्रश्न विचारावेत :

१. योसेफ आज आपल्या गावी आला, तर त्यास कोठे उतरावयास मिळेल?
२. आपल्याकडे कोणाची मजुरी राहिली आहे काय?
३. कामास आलेल्यांची मुले शाळेत जातात काय? नसल्यास त्यांच्यासाठी शिक्षकाकडे कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नास कोणी नाव घेऊन उत्तर दिल्यावाचून सभा उठवू नये.