परिवीक्षा आणि जखमीची भरपाई

शेताचा बांध, पाण्याची पाळी किंवा वहिवाटीचा रस्ता यांवरून उद्भवलेल्या भांडणाचे पर्यवसान कित्येकदा मारहाणीत होते. न्यायालय कारावासाची शिक्षा देते. पुढे अपिलात ती शिक्षा जाऊन आरोपी घरी येतो आणि ‘तो निर्दोष सुटला’ अशी गावाची समजूत होते. ही समजूत नेहमीच खरी नसते.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार, मृत्युदंडास वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यातील दोषी व्यक्तीस न्यायालय तिचे चारित्र्य व गुन्ह्याचे स्वरूप पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. दोषसिद्धी मात्र कायम राहते आणि बंधपत्राचा भंग झाल्यास मूळ गुन्ह्याबद्दल शिक्षा होऊ शकते. कलम ११ अन्वये हा अधिकार अपील न्यायालयासही आहे.

परंतु अपराध्यास सुधारण्याची संधी देताना जखमी व्यक्तीचा विसर पडता कामा नये. म्हणूनच कलम ५ नुसार, बंधपत्रावर सोडताना त्याने जखमीस वाजवी भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. ही रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते.

हरियाणातील एका प्रकरणात मारहाणीमुळे एका व्यक्तीची वाचा गेली होती. उच्च न्यायालयाने आरोपींना परिवीक्षेवर सोडून प्रत्येकी २,५०० रुपये भरपाई देण्यास सांगितले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई वाढवून ५०,००० रुपये केली आणि आरोपींची ऐपत लक्षात घेऊन न्यायालयांनी हा अधिकार मोकळेपणाने वापरावा, असे सुचविले. पुढे २०१३ साली महाराष्ट्रातील एका अपिलात, भरपाईच्या प्रश्नाचा प्रत्येक फौजदारी प्रकरणात विचार करून कारणे नोंदविणे न्यायालयांवर बंधनकारक असल्याचे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्येही भरपाईची तरतूद असून अपील न्यायालय तसा आदेश देऊ शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य येथेच सुरू होते. जखमीने वैद्यकीय प्रमाणपत्र, औषधोपचाराची बिले व बुडालेल्या मजुरीचा पुरावा अपिलाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा, हे त्यास समजावून सांगावे. परिवीक्षा अधिकारी चौकशीस आल्यास सरपंच व शिक्षकांनी निःपक्षपाती माहिती द्यावी. भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मार्गदर्शन मागता येते. अपराध्याचे पुनर्वसन आणि जखमीचे समाधान ही दोन्ही साधली, तरच न्याय पूर्ण झाला असे म्हणता येईल.