गुलाबाची कात्री हायड्रेंजियाला नको

पाऊस उघडला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी निघते. कात्री हातात असतेच. त्याच झपाट्यात शेजारच्या हायड्रेंजियाचे शेंडेही उडवले जातात. मी सलग दोन वर्षं हे केलं. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, पण फुलाचा पत्ता नाही.

बागेतल्या नेहमीच्या हायड्रेंजियाची कळी जुन्या फांदीच्या शेंड्यात, थंडी पडू लागली की आतल्या आत धरते. शेंडा कापला की पुढच्या उन्हाळ्याचा गुच्छ गेला. छाटणी करायचीच तर फुलोरा ओसरल्याबरोबर. वाळलेल्या गुच्छाखाली समोरासमोर दोन टपोरे डोळे दिसतात, त्यांच्या जरा वर काप द्या. ऑक्टोबरात फक्त मेलेल्या काड्या काढा.

कळी धरायला साधारण दीड महिना 18 अंशांखालचा गारवा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीला तो सहज मिळतो. मुंबई-कोकणात नर्सरीतून फुलासकट आणलेली कुंडी बहुधा पुन्हा फुलत नाही. तिथे हौस एका बहरापुरतीच धरावी, उगाच खतांवर पैसे घालू नयेत.

रंगाचं गणित मातीत आहे. जांभ्या, आंबट मातीत झाडाला ॲल्युमिनियम मिळतं आणि गुच्छ निळा होतो. सामू साधारण 5.5 च्या खाली असला की निळा, 6.5 च्या वर गेला की गुलाबी. म्हणून देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत निळं रोप गुलाबी होतं. नर्सरीवाल्याने फसवलं असं नव्हे. निळाच हवा असेल तर कुंडीत लावा. आधी साधं पाणी द्या, मग चार लिटर पाण्यात चमचाभर तुरटीपूड विरघळवून महिन्यातून एकदा घाला. हाडांचं खत आणि सुपर फॉस्फेट टाळा. स्फुरद ॲल्युमिनियमला अडकवून ठेवतं. बोअरचं जड पाणी तर सगळी मेहनत वाया घालवतं, त्यापेक्षा पागोळ्यांचं साठवलेलं पाणी बरं. पांढऱ्या जातीवर मात्र तुरटी वाया जाते.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चिलेटेड फेरस लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन फवारा.

सकाळचं ऊन, दुपारची सावली. भर दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच झारी उचलू नका. आधी मातीत बोट घालून पाहा. ओल असेल तर संध्याकाळी झाड आपसूक सावरतं. आणि छाटलेला पाला शेळीपुढे टाकू नका, विषारी असतो.