चार चौकोनांचा खेळ

एका रविवारी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. स्टोव्हचा बर्नर हवा होता. तो काही मिळाला नाही. पण एका गोणपाटावर नळाच्या तोट्या आणि चष्म्याच्या काड्या पडल्या होत्या, त्यांच्यामध्ये एक ब्रिक गेम दिसला.

हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९९० नंतर तो चीनमधून आपल्याकडे आला. जत्रेत शिट्ट्या आणि फुगे यांच्या शेजारी लटकलेला असायचा. हातात मावेल एवढा डबा. वर करडा पडदा, खाली बटणे, पाठीमागे पेन्सिल सेल. पडद्यावर वरून विटा पडतात. त्या फिरवायच्या, सरकवायच्या आणि खाली रचायच्या. आडवी ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते. फटी राहिल्या तर भिंत वर चढते. माथ्याला टेकली की खेळ संपला. ज्याने शेताला दगडी बांध घातला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. कोणता दगड कुठे बसेल हे त्याच्या हाताला कळते.

दुकानदाराने शंभर रुपये सांगितले. आम्ही काहीच बोललो नाही. जुनी वस्तू घेताना भाव मागाहून करावा, आधी वस्तू उघडून पाहावी.

पहिल्यांदा पाठचे झाकण काढा. सेल आत तसेच राहून गेले, तर ते पाझरतात आणि स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा क्षार चढतो. थोडा असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने निघतो. पट्टीच खाऊन गेली असेल तर काम वाढले. मग चांगले सेल घालून पाहा. आमच्या खिशात नव्हते, शेजारच्या टपरीवरून आणले. एकेक बटण दाबून बघा. शेवटी मुद्दाम हरा! विटा वरपर्यंत चढू द्या. पडदा २०० चौकोनांचा असतो, आडवे १० आणि उभे २०. कोणता चौकोन काळा होत नाही, ते तेव्हा दिसते. अख्खी ओळच दिसत नसेल, तर बहुधा काचेचा आणि आतल्या पाटीचा सांधा सैल झालेला असतो. तो सुधारता येतो. काच तडकून शाई सांडल्यासारखा डाग पसरला असेल, तर मात्र वस्तू खाली ठेवावी आणि पुढे चालू लागावे.

डब्यावर '९९९९ खेळ' असे छापले होते. ते मोजायला बसू नये. खेळ मोजकेच असतात, नुसता वेग बदलून आकडा फुगवलेला असतो. सौदा साठ रुपयांत झाला.

या खेळाची मूळ कल्पना चीनच्या कारखान्याची नाही, बरं का. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजित्नोव नावाचे एक गृहस्थ सरकारी विज्ञान संस्थेत काम करत होते. त्यांनी तिथल्या संगणकावर हा खेळ रचला. त्याचे नाव टेट्रिस. ग्रीक भाषेत 'टेट्रा' म्हणजे चार. प्रत्येक वीट चार चौकोनांची. चार चौकोन एकमेकांना जोडून सातच आकार होतात. कागदावर काढून पाहा. खेळ जगभर गेला, पण कर्त्याला त्याचे पैसे १९९६ पर्यंत मिळत नव्हते.

जगभर तो पोचवला जपानच्या एका यंत्राने. क्योटो शहरातली निन्टेन्डो ही कंपनी १८८९ पासून खेळायचे पत्ते करत असे. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई हे यंत्रांची देखभाल करायला लागले. पुढे त्यांनी आगगाडीत एक माणूस पाहिला. वेळ जात नाही म्हणून तो हिशेबाच्या कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता. त्यावरून त्यांना हातात धरायच्या खेळाची कल्पना सुचली, आणि १९८० साली तसा पहिला खेळ निघाला. १९८९ साली 'गेम बॉय' आला. त्यात हव्या त्या खेळाची कॅसेट घालता येई. अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिसची कॅसेटच देत.

त्या काळात दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे काढली. त्यांना सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत ते संपत. योकोईंनी रंग घेतला नाही. स्वस्त झालेले, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत असे जुने सामान नव्या कामाला लावायचे, ही त्यांची रीत. त्यांचे यंत्र चार सेलांवर पंधरा तास चाले. पडद्याला आतून उजेड नव्हता, उजेडात बसूनच खेळावे लागे. तरी ते आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींहून जास्त खपले. जपानात अशी जुनी यंत्रे अजून विकली जातात. ज्यांची हमी नाही, ती वेगळ्या टोपलीत टाकून स्वस्तात देतात.

आता आमची एक गोष्ट. १९९६ साली आम्ही एका मुलाचा ब्रिक गेम वर्गात काढून घेतला. बापाला घेऊन ये, मग देतो, असे म्हणालो. बाप ऊसतोडीला गेला होता. मुलगा काही मागायला आला नाही, आणि आम्हीही विसरलो. निवृत्त झालो तेव्हा कपाट आवरताना तो सापडला. सेल आत तसेच. सगळे खाऊन गेलेले.

बाजारातला खेळ आम्ही खरे तर त्याच्या सुट्या भागांसाठी घेतला. तो मुलगा आता तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. दोन्ही डबे घेऊन आम्ही गेलो आणि त्याच्यासमोर ठेवले. त्याने जुना उचलला, उलटा केला. पाठीवर खिळ्याने कोरलेले त्याच्या नावाचे पहिले अक्षर होते.

"गुरुजी, हा तुमच्याकडेच होता?"

आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्याने बाजारातल्या डब्याच्या स्प्रिंगा काढून जुन्याला बसवल्या, दोन ठिकाणी टाका दिला, सेल घातले. खेळ वाजू लागला. गिऱ्हाईक उभे होते, त्याला "पाच मिनिटं थांब" म्हणून तो खेळत राहिला. आम्ही बाकावर बसलो. पाचाची वीस मिनिटे झाली.

"आता घेऊ का ठेवून?" त्याने विचारले.

"तुझाच आहे," आम्ही म्हणालो.

मजुरी त्याने घेतली नाही. दुसऱ्या डब्यालाही तारेची स्प्रिंग करून दिली. दुपारी ओसरीवर उजेड चांगला असतो, तेव्हा आम्ही खेळतो. आमचे गुण अजून त्याच्या निम्मे आहेत.