निवड कोणाची?

विद्यार्थी मित्रांनो, ईदच्या खरेदीसाठी तुम्ही बाजारात जाता. चार दुकाने हिंडता, भाव विचारता आणि मग मनासारखे कापड घेता. एका दुकानदाराने भाव वाढवला, तर तुम्ही शेजारच्या दुकानात जाता. गिऱ्हाईक निघून जाईल या भीतीने प्रत्येक दुकानदार चांगला माल ठेवतो. यालाच स्पर्धा म्हणतात. बाजारात एकाचीच सत्ता चालू लागली, की तिला मक्तेदारी म्हणतात.

कापडाच्या बाजारात ही गोष्ट डोळ्यांना दिसते. संगणक आणि मोबाइलच्या बाजारात मात्र ती पडद्याआड घडते.

अमेरिकेतील एक उदाहरण पाहा. १९९४ साली नेटस्केप या नव्या कंपनीने 'नॅव्हिगेटर' नावाचा ब्राउझर आणला. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. लोकांना तो फार आवडला. त्या काळी घरोघरचे बहुतेक संगणक मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज' या प्रणालीवर चालत. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ब्राउझर आणला आणि पुढे तो विंडोजबरोबरच फुकट दिला. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना तो काढून टाकण्याची मुभा नव्हती. एक ब्राउझर आधीच तयार असताना दुसरा शोधायला कोण जाणार? नेटस्केप मागे पडली.

१९९८ साली अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. २००१ साली वरच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष कायम ठेवला. तोपर्यंत उशीर झाला होता. १९९९ सालीच नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती.

आपल्या देशातही असाच प्रश्न उभा राहिला. भारतातील बहुतेक स्मार्टफोन गूगलच्या 'अँड्रॉइड' प्रणालीवर चालतात. ज्या मोबाइल कंपनीला गूगलचे 'प्ले स्टोअर' हवे असे, तिला गूगलची इतर अनेक अ‍ॅपही फोनमध्ये आधीच घालावी लागत. भारतीय स्पर्धा आयोगाने हे गैर ठरवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. या आदेशामुळे भारतात फोन महाग होतील, असे गूगलचे म्हणणे होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या.

मित्रांनो, मोठे होणे हा गुन्हा नाही. चांगला माल देऊन कोणी मोठा झाला, तर त्याचे कौतुकच करावे. पण मोठेपणाच्या बळावर दुसऱ्याची वाट अडवणे कायद्याला मान्य नाही. वाट अडली, की नव्या कल्पना घेऊन येणारा तरुण बाजाराच्या दारातच थांबतो. त्याची वस्तू आपल्याला कधी दिसतच नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचीही अशी किंमत असते. ती आपण पैशांत देत नाही, निवडीचा हक्क गमावून देतो.

स्वाध्याय
१. स्पर्धा आणि मक्तेदारी यांतील फरक सांगा.
२. नेटस्केप मागे का पडली?
३. घरातील मोबाइलमध्ये आधीपासून असलेल्या अ‍ॅपची यादी करा. त्यांतील किती तुम्ही स्वतः निवडली असती?