हळूहळू म्हणजे किती हळू?



आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक २५ आणि २६.

ऑपरेशनला पाच आठवडे झाले. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा बँड बसवलाय. मला वाटलं होतं, आता भूकच लागणार नाही. पण बँड सुरुवातीला सैल असतो. नंतर त्वचेखालच्या पोर्टमधून सलाईन भरून थोडाथोडा आवळतात. मधल्या दिवसांत भूक परत येते. काल रात्री अकरा वाजता मी फ्रीज उघडून उभी होते. सकाळी वजन केलं, तर आठवड्यात अर्धा किलोही कमी नाही. रडूच आलं. देवा, एवढं करूनही?

मग पोथी उघडली. भगवंत सांगतात, धीर धरून, बुद्धीच्या आधाराने मन हळूहळू शांत करावं. ज्याचा नेम चुकत नसे त्या अर्जुनालासुद्धा ‘हळूहळू’च! आणि पुढे म्हणतात, मन जिथे जिथे पळेल तिथून त्याला परत आणावं. म्हणजे ते पळणार, हे देवाने धरलेलंच आहे. पळालं म्हणून आपण नापास होत नाही.

याच अध्यायात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असंही सांगितलंय. म्हणून चिडून उपाशी राहायचं नाही.

आजपासून माझा नेम : आधी नाम, मग छोटा घास, नीट चावायचा, चमचा खाली ठेवायचा. आणि भूक डॉक्टरांपासून लपवायची नाही.

तुमचं मन आज कुठे पळालं? परत आणा. पण त्याच्यावर ओरडू नका हं.